लस कुणाच्या पक्षाची?

“ऐकलंस का गं? भावी नगरसेवकाने पोरीला लस द्यायची नाही म्हणून डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.”

माईंच्या बातम्या अशाच येतात, प्रस्तावनेशिवाय. आमच्या दोन अंगणांमधल्या तारेच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल माजलाय. त्यातून आधी आवाज येतो, मग अंबाडा दिसतो आणि दिवस बरा असेल तर मागोमाग एखादी वाटीही येते. माई जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. सगळी हयात उपकेंद्रावर गेली. आळीत कुणाची सून माहेरी जाऊन बसली आणि कुणाच्या नातवाचा बूस्टर राहिला, दोन्ही त्यांना सारखंच पाठ.

भावी नगरसेवक म्हणजे कोपऱ्यावरच्या आबांचा धाकटा. दर दिवाळीला, दर शिवजयंतीला चौकात त्याचा फ्लेक्स लागतो आणि नावाच्या आधी ते दोन शब्द असतात. इतकी वर्षं तो भावी आहे की त्याचं पाळण्यातलं नाव आता रेशनकार्डापुरतंच उरलंय.

“कसली लस?”

“गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. एचपीव्ही. पोरीला तेरा पुरी होऊन चौदावं लागलंय. तिची आई बिचारी घेऊन गेली होती, मागनं हा हजर. म्हणतो, हे सगळं सरकारचं आणि कंपन्यांचं साटंलोटं आहे. आमच्या पोरी काय प्रयोगाचे उंदीर आहेत का?”

“थांबा माई. २०२१ ला मंगल कार्यालयात कोविडच्या लशीचं शिबिर भरवलं होतं, तो हाच ना? वर साहेबांचा हा एवढा फोटो, खाली याचा, आणि टोचून बाहेर आलं की फोटो काढायला सजवलेली चौकट?”

“हाच तर! मलाही उभं केलं होतं त्या चौकटीत. तेव्हा साहेब सत्तेत होते ना. पुढे तिकीट कापलं, याने पक्ष बदलला. आता सत्ता त्या बाजूला आणि हा या बाजूला. सुई तीच, दंड तोच, बोर्डावरचा फोटो तेवढा बदलला.”

मी गवारीची परडी घेऊन कुंपणाशी पाटावर बसले. अशी बातमी उभ्याउभ्याने ऐकायची नसते.

खरं सांगायचं तर आपला हा गडी मोठ्या माणसांच्या पावलांवर पाऊल ठेवूनच चाललाय. मी माईंना अखिलेश यादवांची आठवण करून दिली. २ जानेवारी २०२१ ला त्यांनी जाहीर केलं, की भाजपची लस मी टोचून घेणार नाही. देशात लसीकरण सुरूही झालं नव्हतं, ते झालं १६ तारखेला. पुढे जूनमध्ये वडिलांनी, म्हणजे मुलायमसिंहांनी, लस घेतली. दुसऱ्याच दिवशी चिरंजीव म्हणाले, आमचा विरोध भाजपच्या लशीला होता, भारत सरकारची लस आम्हीही घेऊ.

“बापानेच घेतली म्हटल्यावर काय करेल पोर,” माई म्हणाल्या. “पण त्या वेळच्या सगळ्याच शंका खोट्या नव्हत्या हं. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे आकडे कुठे आले होते? वर कागदावर काय लिहिलं, तर ‘क्लिनिकल ट्रायल मोड’. अगं, आमच्या खात्यातल्या पोरीसुद्धा पहिल्या फेरीला एकमेकींना पुढे ढकलत होत्या. मला फोन करून विचारायच्या, माई, कुठली घेऊ?”

छत्तीसगडच्या आरोग्यमंत्र्यांनी तर तिसऱ्या टप्प्याचे निकाल येईपर्यंत आमच्याकडे कोव्हॅक्सिन पाठवूच नका, असं दिल्लीला लिहिलं. आता यात किती विज्ञान आणि किती पक्ष, हे चाळणीने चाळूनही वेगळं करता येत नाही. शंका रास्त होती, पण ती जाहीरपणे घेणारे सगळे नेमके दुसऱ्या पक्षाचे कसे निघाले? आणि तिला ‘भारतद्वेष’ म्हणून उडवून लावणारे झाडून सगळे सत्तेच्या बाजूचे कसे? पुढे निकाल आले, लस काम करते असंच निघालं. तोवर संशय गावभर फिरून, चहा पिऊन घरी आला होता.

“आणि ते प्रमाणपत्र!” माईंना एकदम आठवलं. “लशीच्या कागदावर पंतप्रधानांचा फोटो कशाला हवा होता? आमच्या वेळच्या लसीकरण कार्डावर बाळाचं वजन असायचं, इंदिराबाई नसायच्या.”

पुढचा तमाशा मला पाठ होता. दिल्लीचा फोटो आला तसे छत्तीसगड, झारखंड आणि बंगालने आपल्या वाट्याच्या प्रमाणपत्रांवर आपापले मुख्यमंत्री छापले. केरळात एक गृहस्थ फोटो काढा म्हणून उच्च न्यायालयात गेले, तर डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळून त्यांनाच लाखाचा दंड ठोकला. लशीच्या कागदावर नेत्याचा चेहरा आला, की ज्याला तो चेहरा नको त्याला लसही नकोशी होते. एवढं कळायला साथरोगशास्त्र शिकावं लागत नाही. निवडणूक लढवणाऱ्यांना तर ते सगळ्यांत आधी कळायला हवं.

“आमच्या डॅलसच्या जावयालाही विचार,” माई म्हणाल्या. त्यांच्या जावयाला विचारायची गरज नसते, तो दर रविवारी न विचारताच व्हिडिओ कॉलवर सगळं सांगतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कमला हॅरिस वादविवादात म्हणाल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितलं तर लस घ्यायला मी पहिली उभी राहीन, पण ट्रम्प सांगत असतील तर नाही घेणार. मग सत्ता बदलली आणि संशय सामानसुमानासह पलीकडच्या पक्षात राहायला गेला. लस मात्र झाली होती ट्रम्प यांच्याच कारकिर्दीत. डिसेंबर २०२१ मध्ये तेच ट्रम्प डॅलसच्या कार्यक्रमात म्हणाले, हो, मी बूस्टर घेतलाय. आणि त्यांच्याच माणसांनी त्यांची हुर्यो उडवली.

“डॅलसलाच! जावई सांगत होता ना!” जणू जावयानेच हुर्यो उडवली अशा अभिमानाने माई म्हणाल्या.

पण मग मी जरा घाईने बोलून गेले, की एकूण हे सगळं राजकारणच, लोकांना कुणी काहीही भरवतं. तशी माईंनी पाण्याची झारी खाली ठेवली.

“तसं नाही गं. उसना संशय वेगळा आणि चटका बसून आलेला वेगळा. मी नोकरीला लागले १९७८ साली. आणीबाणी उठून जेमतेम वर्ष झालेलं. वस्तीवर माझी सायकल दिसली की गडीमाणसं उसात शिरायची. मी तेवीस वर्षांची पोर, मला बघून पैलवान पळायचे! का? तर आमच्याच खात्याने त्याआधी काय उद्योग करून ठेवले होते.”

उद्योग म्हणजे नसबंदीचे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. मास्तरांना केसेस आणायचा कोटा, तलाठ्यांना कोटा. केसेस भरल्या नाहीत तर पगार अडायचा. आपला महाराष्ट्र तर याबाबतीत देशाच्या पुढे. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं पहिलं राज्य आपलंच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढीच आपली पुण्याई. बार्शीत १९७६ च्या जानेवारीत जी धरपकड झाली, तिची बातमी स्थानिक पत्राने छापली म्हणून आज ती माहीत तरी आहे.

“आणि त्याच १९७८ मध्ये देशात लहान मुलांच्या लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला,” माई सांगत होत्या. “म्हणजे बघ हं. खातं तेच, बाई तशीच पांढऱ्या साडीतली, खांद्याला पिशवी तीच. काल नवऱ्याला धरून नेणारं सरकार आज म्हणतंय, तुझं तान्हं पोर दे, मी त्याला सुई टोचते. तू दिलं असतंस?”

मी गवार मोडत राहिले.

“मी काय करायचे, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना लशीचं नावच काढायचं नाही. घरातल्या म्हातारीशेजारी जाऊन बसायचं. तिचे गुडघे बघायचे, खोकला ऐकायचा, सुनेच्या तक्रारी ऐकायच्या. म्हातारी एकदा म्हणाली ना, ही पोरगी चांगली आहे, की मग सुनेची काय टाप आहे नाही म्हणायची! पण पुरुषांची भीती गेली नाही ती नाहीच. त्यांची नसबंदी त्यानंतर जवळजवळ बंद पडली. कुटुंबनियोजन म्हणजे बायकांचंच ऑपरेशन, असं जे झालं ते आजतागायत.”

हीच भीती पंचवीस वर्षांनी उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांना जाऊन चिकटली. थेंब पाजले की मुलगा पुढे नपुंसक होतो, सरकारला आपली संख्या कमी करायचीय, ही अफवा पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत धरून राहिली. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले आणि त्यांतले बहुसंख्य एकट्या उत्तर प्रदेशातले. बाहेरून बघणारे म्हणाले, अडाणी लोक. पण आणीबाणीत तिकडे काय झालं होतं ते ज्यांनी पाहिलं, ते अजून जिवंत होते आणि नातवंडांना मांडीवर घेऊन बसले होते.

माईंनी पल्स पोलिओच्या फेऱ्या इथे केल्या. घराघरावर खडूने खूण करायची, ‘पी’ म्हणजे झालं, ‘एक्स’ म्हणजे राहिलं किंवा नकार. एका एक्स घराची गोष्ट त्या नेहमी सांगतात. तिथली बाई दार अडवून उभी. म्हणे, आधी नळाला पाणी आणा, मग डोस.

“सुपरवायझर चिडला. मी म्हटलं, चिडू नका साहेब, ती बरोबर बोलतेय. वर्षात सात वेळा आपण तिच्या दारात येतो ते फक्त दोन थेंब घेऊन. तिला तुंबलेली गटार आहे, पाणी नाही, रस्ता नाही, त्यासाठी कुणी एकदा तरी आलं का? तिच्या हातात सरकारला हवी असलेली एकच वस्तू आहे, पोराचं तोंड. ती नाही उघडू दिली तरच तिचं कुणी ऐकतं.”

उत्तर प्रदेशातही अगदी हेच चाललं होतं. मग तिथे मोहल्ल्यातल्याच बायका नेमल्या, मौलवींना सोबत घेतलं, मशिदींच्या भोंग्यांवरून पोलिओ रविवारची आठवण द्यायला लागले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

एवढ्यात कोपऱ्यावरून भावी नगरसेवकाची बुलेट धडधडत गेली. माईंनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग आवाज खाली आणून, जणू तो ऐकेल अशा बेताने, त्यांनी विचारलं, “आणि ते तुझं हाफकिनचं काय होतं गं? त्या दिवशी अर्धंच राहिलं.”

हाफकिन हा माझा आवडता विषय. रँडचं आपण शाळेपासून ऐकतो, हाफकिनचं कुणी सांगत नाही. ओडेसाचा ज्यू माणूस, शिकलेला प्राणिशास्त्र, डॉक्टरकीची पदवी नाही. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करून पटकीची लस घेऊन भारतात आलेला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉक्टर व्हिएगस यांनी. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत कामाला लागला आणि १० जानेवारी १८९७ ला तयार झालेली लस त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी राजी झाले त्यांना.

“स्वतःला? बरोबर केलं,” माई म्हणाल्या. “मीही नवीन सिरिंज आली की...” ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता त्याच महिन्यांत सरकारचा दुसरा हात काय करत होता बघा. ४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा आला. मार्चमध्ये पुण्यात रँडसाहेबाची प्लेग कमिटी. गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेताहेत, देवघरात बूट, बायकांची उघड्यावर तपासणी, अंथरूणपांघरूण रस्त्यात जाळताहेत, संशयितांना उचलून छावणीत. याच मार्चच्या १० तारखेला, मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, सावित्रीबाई गेल्या. टिळक पुण्यातच थांबले, हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय उभं केलं आणि केसरीतून कमिटीवर तुटून पडले. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी रँडला गोळ्या घातल्या आणि पुढे टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सजा झाली. हा भाग तुम्हाला माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच, की भायखळ्यातली सुई आणि पुण्यातली संगीन एकाच सरकारची होती. लोकांनी दोन्ही एकाच खात्यावर मांडली. त्यांनी वेगळी का मांडावी? मुंबईत गिरणी कामगारांनी तर १८९६ च्या ऑक्टोबरातच आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयात माणूस नेला की त्याला उलटं टांगून तेल काढतात, अशी वदंता. १८९८ च्या मार्चमध्ये पुन्हा दंगल झाली. शेवटी सक्ती मागे घ्यावी लागली.

आणि त्याच मुंबईत खोजांनी मात्र हजारोंनी लस घेतली. कारण आगाखान. वय अवघं एकोणीस-वीस, पण जमातीचा इमाम. त्याने हाफकिनला कामाला जागा दिली आणि लोकांसमोर स्वतःचा दंड पुढे केला. प्लेग तोच, लस तीच, साल तेच. सोजिराबरोबर आलेल्या डॉक्टरला जे जमलं नाही ते आपल्यातल्या माणसाने करून दाखवलं.

“मग पुतळे बांधले असतील हाफकिनचे,” माई म्हणाल्या.

कसले पुतळे. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतली. त्या दिवशी बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नव्हतं. चौकशी बसली आणि ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर. त्याला निलंबित केलं. इंग्रज डॉक्टरमंडळींना तो आधीपासूनच डोळ्यांत खुपत होता: धड डॉक्टर नाही, त्यात ज्यू, त्यात रशियाकडचा. नंतर कळलं की बाटलीचं बूच काढताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला.

“जमिनीवर पडलेला चिमटा?” माईंचा चेहरा असा झाला की ते कालच त्यांच्या उपकेंद्रावर घडलंय. “उकळला नाही? कोण होती तिथे ड्यूटीला?”

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्याच्यावरचा डाग धुतला गेला. पंजाबातली मोठी मोहीम मात्र केव्हाच बसली होती. पुढच्या काळात भारतात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं नेली. परळच्या संस्थेला हाफकिनचं नाव मिळालं ते १९२५ ला.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं परक्या सरकारचं. स्वराज्य आल्यावर काय? तर १९५५ मध्ये क्षयाच्या बीसीजी लशीविरुद्ध मोहीम उघडली ती साक्षात राजाजींनी. देशाचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल. त्यांना अडाणी म्हणायची कुणाची छाती आहे?

इथे परदेशातलीही एक गोष्ट सांगायला हवी, ती मला माईंनीच पूर्वी एका प्रशिक्षणातून आणून दिली होती. नायजेरियात कानो नावाचा प्रांत. १९९६ मध्ये तिथे मेंदूज्वराची साथ असताना फायझर कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली, अकरा मुलं दगावली, संमतीवरून वर्षानुवर्षं खटले चालले. २००३ मध्ये तिथे पोलिओचे थेंब पाजायला गेले, तर प्रांताच्या सरकारनेच मोहीम थांबवली: पाश्चात्त्यांची लस नको. अमेरिकेने इराकवर केलेली स्वारी ताजी होती. अखेर इंडोनेशियात, म्हणजे मुस्लिम देशात, तयार झालेली लस आणली तेव्हा २००४ मध्ये मोहीम पुन्हा चालू झाली. बाटलीत काही फरक नव्हता, लेबलवरचा देश निराळा. दरम्यान नायजेरियातला विषाणू देशोदेशी हिंडला आणि २००५ मध्ये पोचला कुठे, तर इंडोनेशियात.

“आणि पाकिस्तानात त्या लादेनला शोधायला अमेरिकेने काविळीच्या लशीची खोटी मोहीम काढली ती?” माईंचा आवाज चढला. “त्याबद्दल मी कधीच माफ करणार नाही त्यांना. गुप्तहेराने लशीची पिशवी उचलायची? मग पुढे पोलिओच्या पोरींना गोळ्या घातल्या तिथल्या अतिरेक्यांनी. गेल्या त्या कोण? आमच्यासारख्याच, दिवसाच्या चार पैशांवर फिरणाऱ्या.”

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी पुन्हा पोरीवर आले. “म्हणजे माई, भावी नगरसेवकाचा संशयही तसाच म्हणायचा का, चटका बसलेला?”

“छे! गंमत अशी आहे की तो म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे, आणि नेमकं तेच त्याला माहीत नाही.”

ते अर्धं असं. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात पाथ नावाच्या परदेशी संस्थेने, सरकारी यंत्रणेच्या मदतीने, हजारो मुलींना हीच एचपीव्हीची लस दिली. खम्ममच्या कित्येक मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्या. सात मुली दगावल्याचं पुढे आलं आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. कुणी पाण्यात बुडालेली, कुणाला साप चावलेला. पण संमतीचं जे केलं ते केलंच होतं, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

“बघ, लशीने पोर मेली नव्हती,” माई म्हणाल्या, “पण सही वॉर्डनची होती. एवढं एक पान धड भरलं असतं, आईबापांना बोलावून चार वाक्यं सांगितली असती, तर ही लस या देशात इतकी वर्षं अडून राहिली नसती. मला या सरकारी लोकांचा राग कशाचा येतो सांगू? घाईचा. लोकांना कळत नाही, समजावत बसायला वेळ नाही, असं म्हणतात आणि नंतर वीस वर्षं तेच समजावत बसतात.”

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त मरतात. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांतून लस दिली. पुण्याच्या सीरमची स्वदेशी लसही २०२२ मध्ये मंजूर झाली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या प्रकरणात सांगितलं, की लसीकरणाचं धोरण गैर नाही, पण कुणाच्या शरीरावर सक्ती करता येणार नाही. चाचण्यांचे आकडे आणि लशीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदी लोकांपुढे ठेवा. म्हणजे जे १८९७ मध्ये रँडला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते.

“सांगितलं असतं तर ऐकलं असतं का मेल्याने?” माई म्हणाल्या.

डॅलसकडची ताजी खबर त्यांनी जाता जाता दिली. २०२५ मध्ये टेक्सासात गोवराने दोन मुलं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. गोवराने, अमेरिकेत! तिथे लशींवर वर्षानुवर्षं संशय घेत आलेले केनेडी आता आरोग्यमंत्री आहेत, आणि लशींबद्दल सल्ला देणारी अख्खी १७ जणांची समिती त्यांनी जूनमध्ये घरी पाठवली. म्हणून आता कॅलिफोर्नियासारखी विरोधी पक्षाची राज्यं म्हणताहेत, दिल्लीचं, म्हणजे त्यांच्या दिल्लीचं, आम्ही ऐकणार नाही, आमचा सल्ला आम्ही ठरवू. काल सरकारवर विश्वास ठेवा म्हणणारे आज ठेवू नका म्हणतात, आणि या खेपेला त्यांचंच बरोबर आहे. जावई बिचारा गोंधळलाय. त्याने सरळ मुलांच्या डॉक्टरांना फोन केला आणि ते सांगतील त्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्या.

“मग आता पोरीचं काय?” मी विचारलं.

माईंनी ते ठरवूनच ठेवलं होतं. खम्ममचं ज्याला माहीत आहे, ज्याची पोर त्या वसतिगृहात होती, त्याच्याशी त्या तासभर बोलायला बसतील, कागद दाखवतील, नाही म्हणाला तर पुन्हा जातील. भावी नगरसेवकाशी बोलण्यात त्या वेळ घालवणार नाहीत. त्याला लशीचं काही पडलेलं नाही, त्याला तिकीट हवंय. त्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाणार, त्याच्या आईजवळ बसणार आणि गुडघ्यांपासून सुरुवात करणार.

“सत्ता आली की तो स्वतःच शिबिर भरवील, लिहून ठेव,” माई म्हणाल्या. “पण पुढची निवडणूक लांब आहे, आणि पोरगी काय त्यासाठी थांबणारेय का? चौदापर्यंत दोन डोसांत काम भागतं. पंधरावं पूर्ण झालं की तीन घ्यावे लागतात.”